मिसळणाच्या डब्यातला इतिहास

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, लढाया येतात, राजांच्या सनावळ्या येतात. शाळेत त्या पाठ कराव्या लागल्या, म्हणून पुष्कळांच्या मनात या विषयाबद्दल एक अढीही बसलेली असते. आज मी तुम्हांला एका निराळ्याच दफ्तरखान्यात नेणार आहे. त्याला कुलूप नाही, पहारेकरी नाही, आणि तो पाहायला पुण्या-मुंबईला जायला नको. तो तुमच्या चुलीजवळच्या फळीवर आहे. मिसळणाचा डबा हाच तो दफ्तरखाना.

झाकण उघडून पाहा. मोहरी, जिरे, हळद, लाल तिखट, धणे, मेथ्या, हिंगाची डबी. शेजारच्या बरणीत गोडा मसाला किंवा काळं तिखट असेल. त्यात लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल, नागकेशर. हे सगळं आपण 'आपलं' म्हणून वापरतो. आजी वापरायची, पणजी वापरायची, तेव्हा ते आपलंच. पण या डब्यातला एकेक जिन्नस धरून त्याला 'तू मूळचा कुठला?' असं विचारलं, तर जी उत्तरं मिळतात ती ऐकून भल्याभल्यांना नवल वाटेल.

सुरुवात मिरचीपासूनच करू. मराठी माणूस आणि तिखट यांची जोडी सर्वश्रुत आहे. कोल्हापूरचा तांबडा रस्सा असो, वऱ्हाडातलं झणझणीत कालवण असो की शेताच्या बांधावरचा ठेचा असो, मिरचीवाचून आपलं पान हलत नाही. आणि तरीही ही मिरची मूळची आपली नाही. ती अमेरिका खंडातली. मेक्सिको आणि त्याच्या आसपासचे लोक हजारो वर्षे ती पिकवीत होते. १४९२ साली कोलंबस त्या बाजूला पोहोचला, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यानंतर सोळाव्या शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. म्हणजे आपल्याकडे मिरचीचं वय फार तर पाचशे वर्षांचं.

आता तुम्ही म्हणाल, याला पुरावा काय? पुरावा आपल्या तोंडातच आहे. 'मिरची' हा शब्द 'मिरे' या शब्दावरून झाला. मिरे म्हणजे संस्कृतातलं 'मरीच'. नवीन आलेलं हे फळ जिभेला चटका देणारं होतं, आणि तिखटपणासाठी लोकांना माहीत होतं ते मिरं. तेव्हा मिऱ्यासारखी ती मिरची. कन्नडमध्येही हेच झालं. मिऱ्याला तिथे 'मेणसु' म्हणतात, आणि मिरचीला 'मेणसिनकायि', म्हणजे मिऱ्याचं फळ. तमिळमध्ये मिरे म्हणजे 'मिळगु' आणि मिरची म्हणजे 'मिळगाय'. पाहुणा परका होता, पण त्याला नाव मात्र घरातल्याच माणसाचं दिलं. शब्द असे साक्ष देतात.

दुसरा पुरावा ग्रंथांचा. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, आपल्या सोलापूर-लातूरच्या शेजारचं. या ग्रंथाच्या संगीताच्या भागात त्या काळच्या मराठीतल्या ओळीही सापडतात, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो जवळचा वाटतो. त्यात 'अन्नभोग' म्हणून एक मोठा भाग आहे. राजाच्या मुदपाकखान्यात काय शिजे, कसं शिजे, याचं बारीक वर्णन त्यात आहे. मांडे आहेत, वडे आहेत, इडलीची पूर्वज असलेली 'इडरिका' आहे. उडदाच्या पिठाच्या या गोळ्यांना मिरपूड, जिरेपूड आणि हिंग लावायला सांगितलं आहे. या राजाच्या घरी तिखटाला तोटा नव्हता, पण त्या तिखटात मिरची कुठेच नाही. मिरे, पिंपळी, सुंठ आणि आलं यांवरच त्या काळच्या जिभेची भूक भागत होती.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती कोणी चाणाक्ष विद्यार्थी वर्गात हमखास काढतो. संत सावता माळी हे तेराव्या शतकातले, सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावचे. मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना देव दिसला. त्यांचा जो प्रसिद्ध अभंग आपण सर्वजण गातो, त्यात मिरचीचं नाव येतं. मग मिरची सोळाव्या शतकात आली हे खरं कसं?

अशा वेळी इतिहासाच्या शिक्षकाने विद्यार्थ्याला गप्प बसवू नये. प्रश्न फार चांगला आहे. अभंग शेकडो वर्षे लोकांच्या मुखात राहिले. वारकऱ्यांनी गायले, वहीतून वहीत उतरवून घेतले. गाताना एखाद्या ओळखीच्या भाजीचं नाव जुन्या नावाच्या जागी सहज बसलं असेल. किंवा मूळ शब्द मिऱ्याबद्दलचा असून पुढच्या पिढ्यांनी तो मिरचीचा करून घेतला असेल. यांतलं कोणतंही घडलं असलं तरी संतांच्या भक्तीला त्याने उणेपणा येत नाही. उलट एक गोष्ट मनावर ठसते, की अभंग हा जिवंत राहिला, लोकांनी तो आपल्या मळ्यासारखा राखला आणि त्यात आपलं ताजं पीकही लावलं. इतिहासाच्या अभ्यासात अशी कोडी पडली की ती लपवू नयेत, फळ्यावर लिहावीत.

आता मिरची आली ती आली, पण तिने मिऱ्याला मागे का टाकलं? मला वाटतं, याचं उत्तर गरिबाच्या परसात आहे. मिऱ्याचा वेल सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचा, केरळ-कर्नाटकाच्या दमट जंगलातला. त्याला भरपूर पाऊस हवा, सावली हवा, चढायला झाड हवं. देशावरच्या, मराठवाड्यातल्या कोरड्या रानात तो जगायचा नाही. तिथल्या कुणब्याला मिरे हवे असतील तर ते वाण्याकडून पैसे मोजून घ्यावे लागत. मिरचीचं तसं नाही. एका वाळलेल्या मिरचीतल्या बियांतून वाफाभर रोपं होतात. मोरीच्या पाण्यावरसुद्धा झाड तग धरतं. उन्हात वाळवली की वर्षभर टिकते. भाकरी कोरडी असो, घरात तेल नसो, दोन मिरच्या, लसणाची पाकळी आणि मीठ पाट्यावर ठेचलं की घास घशाखाली उतरतो. राजाच्या ताटातला तिखटपणा मिरचीने भूमिहीनाच्या ताटात आणून ठेवला. एवढं काम दुसऱ्या कोणत्याही मसाल्याने केलेलं नाही.

ज्या मिऱ्याला आपण आज मागे टाकलं, त्याचा थाट एके काळी जगभर होता. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस इ. स. पूर्व १२१३मध्ये मरण पावला. त्याच्या जतन केलेल्या देहाच्या नाकपुड्यांत मिऱ्याचे दाणे सापडले आहेत. रोमन लोक तर मिऱ्यासाठी वेडे होते. संस्कृत कोशात मिऱ्याला 'यवनप्रिय' असं एक नाव आहे, त्याचं कारण हेच. रोमचा विद्वान प्लिनी तक्रार करतो, की या पदार्थात तिखटपणापलीकडे काही नाही आणि त्याच्यापायी आमचं सोनंनाणं हिंदुस्थानात जातं. इ. स. ४०८मध्ये अलारिक नावाच्या गॉथ राजाने रोमला वेढा घातला, तेव्हा वेढा उठवायला त्याने सोनं-चांदीबरोबर तीन हजार पौंड मिरे मागून घेतले. आजच्या मापाने जवळजवळ हजार किलो.

हा व्यापार केवळ मलबारच्या किनाऱ्यावरच चालत होता असं समजू नका. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलेल्या प्रवास-माहितीत आपले सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं आहेत, आणि पैठण व तेर ही घाटावरची शहरंही आहेत. तिथून माल गाड्यांवर लादून भडोचला जात असे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, त्यात ग्रीकांच्या समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती सापडली. पंचगंगेच्या काठी समुद्राचा परका देव! व्यापाराची वाट किती आतपर्यंत पोहोचली होती, हे यावरून कळतं. आणि एक गंमत सांगतो. इंग्रजीतला 'पेपर' हा मिऱ्याचा शब्द मुळात आपल्या 'पिप्पली'वरून, म्हणजे पिंपळीवरून, ग्रीक आणि लॅटिनमधून गेलेला आहे. त्यांनीही आपल्यासारखंच केलं, एकाचं नाव दुसऱ्याला दिलं.

आता लवंग घ्या. लवंग म्हणजे एका झाडाची न उमललेली, वाळवलेली कळी. हे झाड मूळचं इंडोनेशियातल्या मोलुक्का नावाच्या चिमुकल्या बेटांवरचं. जायफळ आणि जायपत्री ही एकाच फळाची दोन अंगं, आणि ती जवळच्याच बांदा बेटांवरची. आपल्या लोकांना हे फार पूर्वी ठाऊक होतं. चरकसंहितेत तोंडाला सुवास येण्यासाठी जायफळ-लवंग चघळायला सांगितलं आहे, आणि कालिदासाने 'रघुवंशा'त इंदुमतीच्या स्वयंवरात कलिंगाच्या राजाचं वर्णन करताना दूरच्या द्वीपांवरून लवंगांचा वास आणणाऱ्या वाऱ्याचा उल्लेख केला आहे. ही लवंग समुद्रापलीकडची आहे, हे कवीलाही माहीत होतं आणि त्याच्या श्रोत्यांनाही.

पण या सुगंधाला रक्ताचा वासही आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाणं बरं नाही. जायफळाचा व्यापार आपल्याच मुठीत राहावा म्हणून डच कंपनीने १६२१ साली बांदा बेटांवर चढाई केली. यान पीटरसून कून हा तिचा सेनानी. त्या बेटांवरचे हजारो लोक मारले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम करून नेले गेले, आणि त्यांच्या बागांवर परके मालक आणि राबायला गुलाम आणून बसवले. पुढे १६६७ साली ब्रेडा येथे इंग्रज आणि डच यांचा तह झाला. त्यात बांदांपैकी 'रन' नावाचं एवढंसं बेट डचांकडे राहिलं आणि अमेरिकेतलं मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिलं. आज न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती उभ्या आहेत ते हे मॅनहॅटन. त्या काळच्या हिशेबात जायफळाच्या बेटाचं पारडं हलकं नव्हतं. याच डच कंपनीची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यालाही होती आणि तिचे भग्नावशेष आजही तिथे दिसतात. श्रीखंडावर जायफळ किसताना हे आठवलं तर श्रीखंड कडू लागणार नाही, पण आपण काय खातो आहोत याची जाण राहील.

हिंगाची गोष्टही अशीच लांबची. ब्राह्मणाची आमटी असो, वाण्याची कढी असो, हिंगाची फोडणी नसेल तर घरात जेवण झालं असं शेजाऱ्यालाही वाटत नाही. पण हिंगाचं झुडूप इराण-अफगाणिस्तानच्या उजाड, थंड डोंगरांतलं. त्याच्या मुळाला चीर देतात, चीक पाझरतो, तो वाळून हिंग होतो. शुद्ध हिंग इतका उग्र, की बाजारात जो मिळतो त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच आपला औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ छापला. हिंदुस्थानातले लोक औषधात आणि जेवणात सर्वत्र हिंग वापरतात, अशी नोंद त्याने त्यात केली आहे. शेकडो वर्षे आपण हा जिन्नस विकत आणून खाल्ला. पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात हिंगाची रोपं लावायला सुरुवात केली ती २०२० साली.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे आपलं असं काही नाहीच की काय? तसं मुळीच नाही. तीळ आपले, आलं-हळद आपल्याच आशियातली, वेलची आणि मिरे सह्याद्रीतले. आणि काही जिन्नस तर आपल्या दाराशी उगवतात आणि आपणच त्यांना विसरत चाललो आहोत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत.

कोकणातलं तिरफळ घ्या. गोव्यात त्याला 'तेफळ' म्हणतात. काटेरी झाड, त्याला मिऱ्यापेक्षा जरा मोठ्या फळांचे घोस. वाळल्यावर फळ उकलतं, आतलं काळं बी टाकून द्यायचं आणि वरचं साल वापरायचं. बांगड्याच्या आमटीत चारसहा तिरफळं नुसती चेचून टाकली की माशाचा वास बदलतो आणि जिभेला एक हलकी झिणझिणी येते. घाटावरच्या कित्येक घरांत हे नावही कोणी ऐकलेलं नसतं. आणि याच झाडाची भावकी चीनच्या सेचुआन प्रांतात आणि नेपाळात आहे. शहरातली माणसं सेचुआनचं नाव घेऊन हॉटेलात मोठ्या कौतुकाने जेवतात, त्यांच्या कोकणातल्या आजोळी मात्र तिरफळं झाडाखाली पडून वाया जातात!

दगडफूल तर त्याहून नवलाचं. ते फूल नाही आणि पानही नाही. बुरशी आणि शेवाळ यांच्या संसारातून ते जन्माला येतं आणि खडकांवर, झाडांच्या सालींवर वाढतं. संस्कृतात त्याला 'शैलेय' म्हणतात. हातात घेतलं तर वाळक्या पाल्यासारखं, वास जवळजवळ नाहीच. पण थोड्या तेलावर भाजलं की धुराचा, पावसाळी रानाचा असा एक गंध सुटतो आणि काळ्या मसाल्याला त्याचा कस येतो. ते वाढतं अतिशय सावकाश, आणि दूषित हवा त्याला सोसत नाही. म्हणून ओरबाडून नेलं की पुन्हा यायला वर्षं लागतात.

नागकेशराचा घोटाळा निराळा. या एका नावाखाली बाजारात एकाहून अधिक झाडांच्या कळ्या किंवा फळं विकली जातात. दोन गावच्या दोन दुकानांतलं नागकेशर एकच असेल याची खात्री नाही. तेव्हा 'आमच्याकडे मसाल्याला तो वास येत नाही' असं सासुरवाशीण म्हणाली, तर तिच्या हातात दोष नसेल, पुडीत असेल. कोकम मात्र असं फसवत नाही. ते सह्याद्रीचंच, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या आमसुलाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. उलट जिला आपण अस्सल देशी समजतो ती चिंच आफ्रिकेतून फार प्राचीन काळी आलेली, आणि अरबांनी तिला नाव दिलं 'हिंदुस्थानी खजूर'. नावावरून जन्मगाव ठरवायला गेलं की अशी फजिती होते.

मग परका जिन्नस आपल्या घरात शिरतो कसा? मला त्याच्या तीन वाटा दिसतात. पहिली वाट औषधाच्या बटव्यातली. ओवा, सुंठ, पिंपळी, हिंग, जायफळ हे आधी पोटदुखीवर, बाळगुटीत आणि बाळंतिणीच्या खाण्यात आले असतील आणि मग हळूच फोडणीत गेले असतील असं वाटतं. दुसरी वाट जुन्याची जागा घेण्याची, जशी मिरचीने मिऱ्याची घेतली. तिसरी वाट सर्वांत मोठी, ती सासर-माहेरची. बेळगावकडची मुलगी खानदेशात दिली, मालवणची मुलगी साताऱ्यात आली, की तिच्या ट्रंकेतून आईने दिलेली मसाल्याची पुरचुंडी येते. पहिले काही दिवस घरात नाकं मुरडली जातात. वर्षा-दोन वर्षांनी सासराच विचारतो, 'सूनबाई, परवासारखी आमटी आज का नाही?' इतिहासाच्या पुस्तकांत वास्को द गामाचं नाव येतं. या बायकांचं येत नाही. पण गावोगावचे स्वाद एकमेकांत मिसळले ते त्यांच्या हातांनी.

परकं म्हणून नाकारायचं ठरवलं तर काय होईल, हे उपवासाच्या दिवशी पाहावं. साबुदाण्याची खिचडी आपण सोवळ्यात करून खातो. तिच्यातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेतला, शेंगदाणा अमेरिकेतला, बटाटा अमेरिकेतला, आणि मिरचीची हकीकत आत्ताच ऐकलीत. बटाटा, काजू, अननस, पाव हे शब्दसुद्धा पोर्तुगिजांकडून आलेले. एकादशीला ज्वारीची भाकरी चालत नाही आणि साता समुद्रांपलीकडची खिचडी चालते. मी हे थट्टेने सांगत नाही. जे आलं ते आपण आपलंसं केलं, देवापुढे ठेवण्याइतकं आपलं केलं, ही मोठी गोष्ट आहे. मात्र ज्यांनी एवढं पचवलं त्यांनी शेजाऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवून 'हे आमच्यातलं नव्हे' असं म्हणताना जरा विचार करावा.

आता या सगळ्याची नोंद कोणी ठेवली? पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी जुन्या पोथ्या धुंडाळून खाद्यपदार्थांच्या इतिहासावर कितीतरी लेख लिहिले. छापील पाकशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र' १९१० साली आलं, त्यात हजार पाकक्रिया आहेत. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे घराघरात पोहोचलं. ही पुस्तकं मोलाची आहेत. पण ती बहुतेक शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतली आहेत. मराठवाड्यातलं येसर, कारळ्याची चटणी, दुष्काळात रानातून आणून शिजवलेल्या भाज्या, ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्यांच्या चुलीवरचं अन्न, हे फार काळ कागदावर आलंच नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यातला काही भाग उजेडात आला. अजून पुष्कळ बाकी आहे.

आणि वेळ थोडा आहे, म्हणून मी हे पोटतिडकीने सांगतो आहे. आता मसाल्याची पुडी दुकानात मिळते. ज्या बाईला दिवसभर शेतात राबायचं आहे तिने ती आणली तर तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण पुडी आली की उखळ थांबतं, आणि उखळ थांबलं की 'धणे किती, खोबरं किती, दगडफूल आधी भाजायचं की नंतर' हे सांगणारी जीभही थांबते. घरातली म्हातारी गेली की तिच्या हातातलं प्रमाण तिच्याबरोबर जातं. किल्ल्याचा बुरूज ढासळला तर निदान दगड उरतात. इथे वासही उरत नाही.

म्हणून शिक्षक मित्रांनो, तुम्हांला एक विनंती आहे. चैत्र-वैशाखात घरोघरी मिरच्या वाळतात, तिखट कांडलं जातं. त्या दिवसांत मुलांना एक काम द्या. प्रत्येकाने आपल्या घरच्या मसाल्यातले सगळे जिन्नस लिहावेत. घरात त्याला काय म्हणतात, तो पिकवला की विकत आणला, कोणत्या गावच्या बाजारातून आणला, आणि तो घालायला आईला कोणी शिकवलं, एवढं विचारून घ्यावं. आजी 'मूठभर' म्हणाली तर तिचीच मूठ तराजूवर तोलून पाहावी. मग भिंतीवर जगाचा नकाशा लावा आणि एकेक जिन्नस त्याच्या मूळ गावी दोऱ्याने बांधा. मिरचीचा दोरा मेक्सिकोला जाईल, लवंगेचा मोलुक्काला, हिंगाचा अफगाणिस्तानला, मिऱ्याचा केरळला. सगळ्या दोऱ्यांची दुसरी टोकं तुमच्या गावात येऊन मिळतील. भूगोल आणि इतिहास एकाच तासाला शिकवून होईल, आणि ज्या मुलाच्या घरी मसाल्यात चारच जिन्नस असतील, त्याच्या चार जिन्नसांचाही त्या भिंतीवर मान राहील. हे शेवटचं विसरू नका.

गृहिणींना आणि स्वयंपाकात हात घालणाऱ्या पुरुषांनाही एवढंच सांगतो. बाजारात किंवा पाहुण्यांकडे एखादा अनोळखी जिन्नस दिसला तर बिचकू नका. तो थोडाच आणा. आधी नुसता हुंगा, मग थोड्या तेलात तापवून हुंगा, कारण पुष्कळ मसाले गरम तेलातच बोलू लागतात. पहिल्या दिवशी साध्या वरणात किंवा भातात एकट्यालाच घाला, दहा मसाल्यांच्या गर्दीत नको. ज्याच्याकडून आणलात त्यालाच 'तुमच्याकडे हे कशात घालतात?' असं विचारा. या एका प्रश्नाने नवा पदार्थ कळतो आणि नवा माणूसही कळतो.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून मसाल्याचं प्रमाण लिहून घ्याल, तेव्हा कागदाच्या खाली त्यांचं नाव, गावाचं नाव आणि तारीख घालायला चुकू नका. पुढे कोणी या चुलीचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला तोच कागद लागणार आहे.